वाटाड्याविना वनयात्रा

दसरा उलटला आणि पावसाने काढता पाय घेतला की कुळे स्टेशनाच्या परिसरात जीपगाड्यांची रांग लागते आणि गोव्याच्या डोंगरपायथ्याचा पर्यटन हंगाम सुरू होतो. किनाऱ्यावरच्या हंगामाची चर्चा सर्वत्र होते, त्याचे आकडे विधानसभेत मांडले जातात. डोंगराकडच्या या हंगामाची वार्ता मात्र कोणी बुडाले, कोणी अडकले किंवा जीपवाल्यांनी चाके थांबवली, तरच वृत्तपत्रांत येते. म्हणूनच एखादी दुर्घटना ताजी नसताना, शांत चित्ताने, या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

या सहलीचा कार्यक्रम ठरून गेलेला आहे. भल्या सकाळी कळंगुट, बागा, कोलवा येथील हॉटेलांतून पर्यटकांना गोळा करायचे, कुळ्याला आणायचे, जीपमध्ये बसवून भगवान महावीर अभयारण्यातून दूधसागरच्या पायथ्याशी न्यायचे, अंगात लाइफ जॅकेट अडकवून तासभर पाण्यात सोडायचे, परतताना फोंडा तालुक्यातील एखाद्या मसाल्याच्या बागेत जेवू घालायचे आणि दिवेलागणीच्या सुमारास पुन्हा किनाऱ्यावर पोचवायचे. जाहिरातींत यालाच ‘वर्षावन दर्शन’, ‘वन्यजीव सफर’ अशी भारदस्त नावे असतात. सोबत मार्गदर्शक असल्याचेही ठळक अक्षरांत छापलेले असते. प्रत्यक्षात हा मार्गदर्शक बहुधा घड्याळाचे काम करतो. ‘बरोबर बारा वाजता गाडीपाशी या’ हे त्याचे आरंभीचे आणि अखेरचे प्रवचन. त्या बापड्याला आम्ही दोष देत नाही. त्याला कोणी शिकवलेले नाही, आणि त्याने अधिक काही सांगावे अशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नाही.

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या पाण्यात हा तासभराचा आनंद घेतला जातो ते पाणी पुढे कोठे जाते, एवढेच पाहा. सह्याद्रीच्या कड्यावरून चार टप्प्यांत सुमारे ३१० मीटर खाली येणारा हा प्रवाह पुढे खांडेपार नदी होऊन वाहतो. त्या नदीवर ओपा येथे जलशुद्धीकरण प्रकल्प आहे, आणि तेथले पाणी फोंडा व तिसवाडीच्या घराघरांत, राजधानीच्या नळांत येते. पणजीतील गृहिणी सकाळी चहाचे आधण ठेवते तेव्हा दूधसागरचाच एक अंश तिच्या भांड्यात असतो. आपणा गोमंतकीयांपैकी तरी किती जणांच्या हे ध्यानात आहे? पुढे खांडेपार मांडवीला मिळते. म्हादईच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी लवादापुढे झगडलो, ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचा निवाडा झाला, नंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या झगड्यात आपण नदीला आई म्हटले, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच आईच्या एका लेकीच्या पात्रातून हंगामभर रोज शेकडो चाके पार होतात, तेव्हा आपल्यातला पुत्रभाव कोठे जातो हे कळत नाही.

दूधसागरचे हे भाग्य किंवा दुर्भाग्य तसे जुने आहे. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानशी जोडण्यासाठी घाटातून जो लोहमार्ग काढण्यात आला, तो धबधब्याच्या अगदी कुशीतून जातो. बेळगाव, खानापूर, लोंढ्याकडून येणाऱ्या आमच्या आप्तेष्टांच्या कित्येक पिढ्यांनी आगगाडीच्या खिडकीतूनच दूधसागर पाहिला, पुलावर उडालेले तुषार अंगावर घेतले आणि गाडीबरोबर पुढे निघून गेल्या. हे दर्शन क्षणाचे होते, पण रानाला त्याचा उपद्रव नव्हता. २०१३ मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ या हिंदी चित्रपटात हा पूल आणि हा धबधबा झळकला आणि खिडकीतून पाहण्याने भागेनासे झाले.

रानाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मोले परिसरातील सगळेच रान सदाहरित वर्षावन नव्हे. पुष्कळसे पानझडी किंवा निमसदाहरित आहे. खरे सदाहरित रान ओढ्यांच्या कडेने आणि दऱ्यांच्या पोटात टिकून आहे, आणि म्हणूनच ते मोलाचे. १९७८ मध्ये यातील १०७ चौरस किलोमीटरांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. किंदळ, नाणा, सातवीण, भेरली माड यांच्या छायेत गवा वावरतो, जो गोव्याचा राज्यप्राणी आहे. शेंड्याशेंड्यांवरून शेकरू उड्या घेते, धनेश फळे गिळून बिया दूरवर टाकतो आणि नकळत झाडे लावतो, नागराज इतर सापांवर गुजराण करतो. परंतु गवा पहाटे आणि सांजवेळी चरतो, भर दुपारी दाट सावलीत बसून रवंथ करतो. पक्ष्यांचा बोलण्याचा समयही सकाळचाच. आपली सफर रानात पोचते ती नेमकी रान झोपी गेल्यावर, तीही इंजिनांचा घरघराट करीत. परिणामी ‘वन्यजीव सफरी’त हमखास भेटणारा वन्यजीव एकच, आणि तो म्हणजे हातातली वेफर्सची पुडी हिसकावणारे माकड. तेही तसे जन्मले नव्हते. आपणच त्याला खाऊ घालून भिकारी आणि मग दरोडेखोर केले.

माकडांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात माकडतापाचे रुग्ण आढळले. गोचिडींच्या दंशाने होणारा हा ज्वर कोरड्या महिन्यांत, म्हणजे सहलींच्या ऐन हंगामातच, डोके वर काढतो. रानात पालापाचोळ्यावर बैठक मारू नये, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्यास कळवावे, घरी परतल्यावर अंग धुऊन कपडे बदलावेत, या साध्या सूचना आहेत. अशा सहलीला जाऊन आलेल्या आमच्या वाचकांनी आठवून पाहावे, हे कोणी त्यांना सांगितले होते काय?

पावसाळ्यात चित्र पालटते. कुळ्याच्या जीपगाड्या थांबतात आणि सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतील लहानमोठे वझर जागे होतात. (धबधब्याला आमच्याकडे वझर म्हणतात, हा शब्द पर्यटन खात्याच्या एखाद्या फलकावर वाचावयास मिळाला तर किती बरे होईल!) चरावणे, हिवरे, पाली, सावरी, मैनापी ही नावे एके काळी त्या त्या पंचक्रोशीबाहेर ऐकू येत नसत. आता मोबाइलवरच्या एका चित्रफितीने आठवडाभरात तेथे जत्रा लोटते. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापीच्या डोहात दोघांचा अंत झाला आणि सरकारने अभयारण्यांतील धबधब्यांवर बंदी घातली. त्याच महिन्यात लोहमार्गावरून दूधसागरकडे पायी निघालेल्या शेकडो तरुणांना रेल्वे पोलिसांनी अडवले आणि काहींना रुळांच्या कडेला उठाबशा काढावयास लावल्या. ती दृश्ये देशभर फिरली. लोक हसले. आम्हांस हसू आले नाही. लोहमार्गावरून चालणे हा कायद्याने गुन्हा आहे, त्याबद्दल दंड अवश्य व्हावा. पण उठाबशा काढून पाण्याची ओढ कोणास कळत नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, पाली येथे चढलेल्या पाण्यापलीकडे अडकलेल्या मोठ्या समुदायाला अग्निशामक दलाच्या जवानांनी सुखरूप बाहेर काढले. त्या जवानांचे करावे तितके कौतुक थोडे. परंतु ती वेळ त्यांच्यावर यावीच का?

बुडणारे सगळे पोहण्यात कच्चे असतात असे समजण्याचे कारण नाही. धबधब्याखालचा डोह हा तळ्यासारखा नसतो. कोसळणारी धार पाण्यात हवा मिसळते, आणि त्या फेसाळ पाण्यात अंग नेहमीसारखे तरंगत नाही. तळाशी गेलेले पाणी वळसा घेऊन पुन्हा धारेखाली येते आणि माणसालाही तेथेच ओढून आणते. कातळावर शेवाळ असते, ते वेगळेच. घाटमाथ्यावर तासाभरापूर्वी पडून गेलेला पाऊस खाली लख्ख ऊन असतानाही व्हाळाला लोंढा आणतो. पाणी एकाएकी गढूळले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, प्रवाहाचा आवाज जड झाला की क्षणाचाही विलंब न लावता काठ गाठावा, हे त्या गावातल्या दहा वर्षांच्या गुराख्यालाही ठाऊक असते. पणजीहून, हुबळीहून किंवा पुण्याहून आलेल्या पदवीधराला ते ठाऊक नसते. ज्याला ठाऊक आहे तो माणूस तेथे, त्या वेळी, अधिकाराने उभा असावा, हीच आमची मागणी आहे. जीवरक्षक बुडणाऱ्याला बाहेर काढतो. वाटाड्या त्याला पाण्यात उतरण्यापूर्वीच थांबवतो. ही दोन निराळी कामे आहेत.

बंदीने हे काम होत नाही. बंदी आली की फाटकाला कुलूप लागते आणि आडवाटा मोकळ्याच राहतात. फाटकातून गेलेल्याची निदान वहीत नोंद होते. आडवाटेने गेलेला सायंकाळी परतला नाही तर त्याला कोठे शोधावे हेही कळत नाही. शिवाय एरवी वाट दाखवायला पुढे आला असता असा गावचा जाणता माणूस बंदीच्या काळात अंग चोरतो, कारण उद्या आपल्यावरच बालंट यावयाचे ही त्याला धास्ती. २०२३ ची बंदीही यथावकाश सैल झाली आणि काही ठिकाणे अटींवर खुली करावी लागली. सरसकट बंद आणि सरसकट खुले, या दोन टोकांमध्ये आमचे शासन लंबकासारखे हिंदकळत राहते. वस्तुतः कायद्याने मधला मार्ग केव्हाच आखून दिलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना देण्याची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्याबरोबर पर्यटनाचाही उल्लेख आहे. आणि परवान्याला अटी जोडता येतात. शिकलेल्या स्थानिक वाटाड्याविना प्रवेश नाही, ही अट घालण्यास नवा कायदा नको, विधेयक नको. इच्छा पुरे.

असे वाटाडे आणावयाचे कोठून, असा प्रश्न विचारला जाईल. दूर जाण्याची गरजच नाही. अभयारण्यांच्या सीमांच्या आत आणि लगत वेळीप, गावडे, धनगर यांची वस्ती आहे. देवाच्या नावाने राखलेल्या राया त्यांच्याच पूर्वजांनी सांभाळल्या. सत्तरीतल्या केरीची आजोबाची राय त्याची साक्ष देत आजही उभी आहे. कोणत्या कोंडात उतरू नये, कोणत्या महिन्यात कोणती वाट टाळावी, गव्याची पावले ताजी की शिळी, हे ज्ञान या समाजापाशी आहे. आणि आपण त्यांच्याशी वागतो कसे? रानावरील त्यांच्या हक्कांचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळलेले. रतांबे गोळा करायचे झाले तरी त्यांना खात्याच्या चौकीकडे बिचकत पाहावे लागते. आणि त्यांच्याच दारावरून, पावती फाडलेला परगावचा प्रवासी धूळ उडवीत धबधब्याकडे जातो. अभयारण्य म्हणजे आपले रान परक्यांना दाखवण्यासाठी सरकारने घातलेले कुंपण, असे त्यांना वाटू लागले तर नवल कोणते?

या दुराव्याचे मोल किती भयंकर असते ते जानेवारी २०२० मध्ये सर्वांनी पाहिले. म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे चार पट्टेरी वाघ मृतावस्थेत सापडले, विषबाधा झालेले. गुरे मारली गेल्याच्या संतापाचा तो परिणाम, असे तपासातून पुढे आले. त्यानंतर व्याघ्रप्रकल्पाचा प्रश्न पेटला. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्याची गाय वाघाने नेली त्याच्या घरातला एक मुलगा वाघाच्या रानाचा वाटाडा म्हणून मानाने चार पैसे मिळवीत असता, तर त्या घराने विषाची बाटली हाती घेण्यापूर्वी दोनदा विचार केला असता, असे मानण्यास जागा आहे.

हे आमचे स्वप्नरंजन नव्हे. केरळात थेक्कडीच्या पेरियार अभयारण्यात १९९६ नंतर जी परिसर-विकास योजना राबवली गेली, तिच्यात रानातून दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल चोरून नेणाऱ्या माणसांनाच रानाचे राखणदार आणि पर्यटकांचे वाटाडे नेमण्यात आले. ज्याला चोरवाटा ठाऊक, त्याच्याइतका चांगला पहारेकरी दुसरा कोण! ते लहान लहान तुकड्या पायी नेतात, आणि ते चालणे हाच तेथील पर्यटनाचा मान ठरला आहे. इतके दूर न जाता शेजारच्या आंबोलीकडे पाहिले तरी पुरे. पावसाळी रविवारी आंबोलीच्या रस्त्यालगतच्या धबधब्याखाली काय धिंगाणा चालतो ते सिंधुदुर्गातील आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पण त्याच आंबोलीत, त्याच पावसात, रात्री विजेऱ्या घेऊन स्थानिक तरुणांच्या मागोमाग बेडूक आणि साप पाहत मूकपणे चालणारी माणसेही असतात. तेथल्या हिरण्यकेशीच्या देवस्थानाच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाला तिचेच नाव मिळाले, आणि त्याच्या अधिवासाला २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. एकच गाव, एकच पाऊस; फरक पडतो तो पुढे चालणाऱ्या माणसामुळे.

जीपवाल्यांविषयी आमच्या मनात अढी नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा धारबांदोडा-सांगे पट्ट्यातील कित्येक घरांची चूल विझू पाहत होती. ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्या दिवसांत कुळ्याच्या अनेक कुटुंबांना धबधब्याने जगवले. त्यांचा घास काढून घेऊन रान राखावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण आरक्षणाची खिडकी कोणाची, शुल्क कोणी गोळा करावयाचे, यावरून जीपवाले आणि शासन यांच्यात अलीकडे जे खटके उडाले त्यांत एक गोष्ट लक्षात येण्यासारखी होती. भांडण पावतीपुस्तकाचे होते. जीपमधून उतरलेल्या माणसाला पुढे काय दाखवावयाचे आणि काय सांगावयाचे, यावर कोणत्याच पक्षाने तोंड उघडले नाही. दिवसाला किती माणसे आत सोडावयाची, हे जीपगाड्या किती आहेत यावरून ठरू नये. तो ओढा, तो डोह आणि ती वाट किती पेलू शकतात यावरून ठरावे. आज संख्या थोडी घटली तरी, प्रत्येक दहा जणांमागे एक वाटाड्या सक्तीचा केल्यास, जीपवाल्यांच्याच घरांतील मुलामुलींना त्यातून काम मिळेल. मुलींना, हे आम्ही मुद्दाम म्हणतो.

शासनाच्या वाणीत आणि करणीत जे अंतर आहे त्याचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाही. ज्या मोलेची छायाचित्रे पर्यटनाच्या पत्रकांवर झळकतात, त्याच मोलेतून लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी नेण्याचे प्रकल्प पुढे आले आणि २०२० मध्ये गोव्याचे तरुण त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला दिलेली मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, त्यांत गोव्याचे एकही नाही. दक्षिणेस कर्नाटकाची आहेत, उत्तरेस महाराष्ट्राची आहेत, आणि मधला गोवा कोरा. पाहुण्यांना रान दाखवून शुल्क घेणाऱ्या राज्याला याची खंत वाटल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आणखी एक. या सहलींत आपली मुले कोठे आहेत? किनारपट्टीवरच्या शाळांतली मुले सहलीला म्हैसूरला जातात, वॉटर पार्कला जातात. तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेवाच्या पाषाणमंदिराभोवतालचे रान मात्र पुष्कळांनी पाहिलेले नसते. आठवड्यातला एक दिवस, समजा मंगळवार, जीपगाड्यांना विश्रांती देऊन दूधसागर आणि मोले केवळ गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी, वाटाड्यांसह आणि विनाशुल्क राखून ठेवता येईल. रानालाही एक दिवस उसंत मिळेल.

काजूचा हंगाम मे महिन्यात आटोपतो आणि मृगाला अजून दोन-तीन आठवडे असतात, तेव्हा गावचा माणूस थोडा मोकळा असतो. वनखात्याने त्याच दिवसांत नेत्रावळी, वाळपई आणि मोले येथे पंधरा-पंधरा दिवसांचे वर्ग भरवावेत. पाण्यातून माणूस काढणे, प्रथमोपचार, रानाची ओळख आणि पाहुण्यांशी बोलण्यापुरत्या दोन-तीन भाषा, एवढे शिकवावे. उत्तीर्ण होणाऱ्यांस बिल्ला, विमा आणि दिवसाची ठरलेली बिदागी द्यावी. आणि कोणत्या वझरापाशी किती वाटाडे नेमले, याची यादी पहिला पाऊस पडण्यापूर्वी त्या त्या पंचायतीच्या फळ्यावर लावावी.